तुमचं मृत्युपत्र तयार आहे

मराठी माणसापुढे मृत्युपत्राचा विषय काढला की तो आधी इकडेतिकडे बघतो, मग ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणतो आणि मग चहा सांगतो. याच माणसानं मुलीच्या लग्नाचा हॉल दीड वर्ष आधी धरलेला असतो. चारधामची बुकिंगं, गुडघ्याच्या ऑपरेशनचा मुहूर्त, श्राद्धाला कुठल्या गुरुजींना बोलवायचं, वडे तळायला कोण येणार, सगळं त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. फक्त एका बाबतीत त्याचं उत्तर ठरलेलं: ‘बघू पुढे.’ पुढे म्हणजे कधी, तर जेव्हा बघायला तो स्वतः नसेल.

गंमत अशी आहे की मृत्युपत्र न करण्याची सोयच मुळी नाही. तुम्ही हिंदू असाल, आणि या कायद्यापुरते बौद्ध, जैन नि शीखही त्यात आले, तर तुमचं मृत्युपत्र संसदेनं 1956 सालीच लिहून ठेवलंय. हिंदू वारसा कायदा म्हणतात त्याला. तुम्ही तो वाचलेला नाही, त्यावर सही केलेली नाही, पण तुमचा श्वास थांबला रे थांबला की तो लागू. प्रश्न फक्त इतकाच उरतो की घामाच्या पैशाची वाटणी आपल्या अकलेनं व्हावी की दिल्लीतल्या सत्तर वर्षं जुन्या मसुद्यानं. बहुसंख्य कर्त्या पुरुषांनी कसलाही विचार न करता दिल्लीला कौल दिलेला आहे.

बरं, त्या मसुद्यात काय लिहिलंय हे तरी ठाऊक असावं? कट्ट्यावर कुणालाही विचारा, छाती पुढे काढून सांगेल, ‘मी गेल्यावर सगळं हिचंच की!’

नाही हो.

समजा, डोंबिवलीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, एकट्याच्या नावावर. कर्ज फिटलंय. माणूस बेचाळीस वर्षांचा, बायको, दोन शाळकरी मुलं, गावी विधवा आई. माणूस अचानक गेला, मागे कागद नाही. कायदा म्हणतो, पहिल्या वर्गाचे वारस चार: पत्नी, दोन मुलं आणि आई. चौघांना सारखा वाटा. म्हणजे ज्या घराचे हप्ते भरताना बाईनं मंगळसूत्र सोडून सगळं सोनं गहाण टाकलं होतं, त्या घरात तिचा हक्क चार आण्यांचा. (इथं वडील हयात असते तर त्यांना काहीच मिळालं नसतं. आई पहिल्या वर्गात आहे, वडील दुसऱ्या वर्गात. पोराच्या फ्लॅटसाठी प्रॉव्हिडंट फंड मोडलेल्या तमाम बापांनी याची नोंद घ्यावी.)

आता त्या बाईला वाटलं की फ्लॅट विकावा, सांगलीला माहेराजवळ छोटं घर घ्यावं, उरलेल्या पैशात मुलांचं शिक्षण करावं. अगदी साधा विचार. पण मुलं अज्ञान आहेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत अठराच्या आतली. त्यांच्या वाट्याची जागा विकायला जन्मदात्या आईलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते. हाही 1956 चाच दुसरा कायदा. कोर्ट विचारणार, विकायची गरज काय? मुलांचं हित कशात? पैसे कुठं ठेवणार? प्रश्न चुकीचे नाहीत, मुलांच्या भल्याचेच आहेत. पण ते एका अशा बाईला विचारले जाणार, जी तारखेमागून तारीख घेत कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली आहे आणि जिला तेवढ्यासाठी ऑफिसातून अर्धी रजा टाकावी लागली आहे.

मग सासूबाई. त्यांची सही हवी. सासूबाई साध्या आहेत, त्या म्हणतात, दे गं कागद, मी करते सही. पण त्या थोरल्याकडे राहतात आणि थोरल्याला मतं आहेत. थोरल्याच्या बायकोला तर जास्तच आहेत. सहीचा कागद गावी जातो आणि दिवाळीपर्यंत तिथंच राहतो. पुढच्या वर्षी सासूबाईही जातात. मृत्युपत्र अर्थातच नाही, घराण्याची रीतच आहे ती. मग त्यांच्या चार आण्यांचे वारस कोण? थोरला मुलगा, लग्न झालेली मुलगी, आणि गेलेल्या मुलाची मुलं. फ्लॅटच्या मालकीत आता दीर आला, सोलापूरची नणंद आली. प्रत्येकाचा वाटा एक बारांश. एक बारांश म्हणजे किती, तर मोरीपेक्षा थोडा जास्त. पण बारांश असला तरी सही पूर्ण लागते! डोंबिवलीतल्या मोरीएवढ्या हिश्श्यापायी सोलापूरची नणंद गिऱ्हाईकाला दोन वर्षं थांबवू शकते, आणि तिचा नवरा तिला ‘आपण का सोडायचं?’ असं विचारू शकतो. माणसं वाईट असतात असं नाही. कागदावर नाव आलं की माणसाला आपला हक्क आठवतो, एवढंच.

हे सगळं रामायण टाळायला काय लागलं असतं? एक कोरा कागद. ‘माझा फ्लॅट माझ्या पत्नीला, आईला दरमहा अमुक रक्कम तिच्या हयातीपर्यंत’, खाली सही, दोन साक्षीदार. झालं. शिवाय नवरा-बायको दोघंही एकाच अपघातात गेले तर मुलांचा पालक कोण, हेही त्याच कागदात लिहिता येतं. नाहीतर ते ठरवायला तेराव्याला जमलेले मामा आणि काका आहेतच. दोघांचाही आवाज मोठा असतो.

‘पण आमचं नॉमिनेशन आहे ना!’

हे वाक्य येणारच होतं. मध्यमवर्गीय मराठी घरात नॉमिनेशनवर जेवढी श्रद्धा आहे तेवढी सत्यनारायणावरही नाही. फॉर्मवर बायकोचं नाव घातलं की झालं मृत्युपत्र, अशी ठाम समजूत. तर ऐका. नॉमिनी म्हणजे लग्नात आहेराची पाकिटं सांभाळायला बसवलेला मावसभाऊ. पाकिटं त्याच्या हातात येतात, पिशवी तोच सांभाळतो, पण म्हणून आहेर त्याचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे विम्याच्या एका प्रकरणात 1984 साली सांगितलं होतं: नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारसच. (विम्यात जवळच्या नातलगांपुरता 2015 साली कायद्यात बदल झाला आहे, पण बाकी ठिकाणी मावसभाऊ तो मावसभाऊच.)

तरी वाद संपले नाहीत. 2010 साली मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण आलं. नवरा गेला, शेअर्सच्या खात्यावर नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव. विधवेनं शेअर्स मागितले आणि न्यायालयानं सांगितलं, कंपनी कायद्याप्रमाणे शेअर्स नॉमिनीचे. म्हणजे बायको राहिली बाजूला आणि शेअर्स गेले पुतण्याकडे. हा निकाल पुढे टिकला नाही, पण तो कुणाच्या प्रकरणात पालटला, हे मराठी वाचकाला ठाऊक हवं. ते प्रकरण होतं ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेचं. घराघरांतल्या भिंतीवर तिथी, मुहूर्त आणि मागच्या पानावर पाककृती टांगून देणारा हा माणूस व्यवहारात पक्का होता. त्यांनी 2011 साली रीतसर मृत्युपत्र केलं होतं. 2013 साली ते गेले. काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावं होती, आणि प्रश्न उभा राहिला: खरं काय, मृत्युपत्र की नॉमिनेशन? उच्च न्यायालय, मग खंडपीठ, मग दिल्ली. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: शेअर्स असोत की म्युच्युअल फंड, नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्क आपल्या वाटेनं चालतो. दहा वर्षं गेली, पण निदान सवाल निकालात निघाला. ज्यांनी मृत्युपत्र केलं होतं त्यांच्या घरी ही वेळ आली, तर ज्यांच्याकडे नुसतीच नॉमिनेशनची पावती आहे त्यांनी कशाच्या भरवशावर झोपावं?

हाउसिंग सोसायटीतही तेच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 साली बदल झाला, तेव्हापासून नॉमिनी हा तात्पुरता सदस्य. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडायचा हक्क त्याला मिळाला, म्हणून फ्लॅट त्याचा होत नाही. आणि बँकांचं नवीन ऐकलंत का? 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आता पिशवीपाशी चार मावसभाऊ!

बायकांचं प्रकरण तर आणखी तिरपागडं आहे, आणि इथं थोडं थांबायला हवं, कारण मृत्युपत्राची गरज नवऱ्यापेक्षा बायकोला जास्त आहे हे कुणी सांगत नाही. हिंदू पुरुष गेला तर त्याच्या वारसांत त्याची आई पहिल्या रांगेत. हिंदू स्त्री गेली तर तिची आई कुठं? मुलं आणि नवरा हयात असतील तर पहिले ते. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यांच्यानंतर, कुणी उरलंच नाही तर, आई-वडील. आई-वडिलांकडून वारशानं आलेलं असेल आणि मूलबाळ नसेल तर ते माहेरी परत जातं, एवढी सवलत आहे. पण तिनं स्वतः कमावलेलं? ते सासरी.

ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण, सर्वोच्च न्यायालय, 2009. हे प्रकरण वाचून ज्याला संताप येत नाही त्यानं डॉक्टरांना दाखवावं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला. सासरच्यांनी मुलीला घराबाहेर काढलं. माहेरानं सांभाळलं, शिकवलं, ती नोकरीला लागली, जन्मभर कमावलं, 1996 साली गेली. मूलबाळ नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. बँकेतली शिल्लक आणि प्रॉव्हिडंट फंड यावर माहेरच्यांनी हक्क सांगितला, तर समोरून कोण आलं? जे सासर तिला चार दशकं विसरलं होतं, त्या सासरचे भाचे. आणि पैसे त्यांनाच मिळाले. न्यायालयानं सहानुभूती दाखवली, पण सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कायद्यात लिहिलंय ते स्पष्ट आहे, असं सांगितलं. 1956 साली ज्यांनी कलम लिहिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या पगाराचं पासबुक असलेली बाई आली नसावी.

हिंजवडीत लाखाच्या पगारावर काम करणाऱ्या, स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतलेल्या कितीजणींना हे ठाऊक आहे? नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाच्या संदर्भात हिंदू स्त्रियांना थेट आवाहन केलं की बायांनो, मृत्युपत्र करून ठेवा. देशाचं सर्वोच्च न्यायालय हात जोडून सांगतंय म्हटल्यावर तरी भिशीत हा विषय निघावा. निघत नाही. भिशीत पैठणीचा विषय निघतो, आणि ती पैठणी पुढे कुणाला, यावर मात्र रुसवेफुगवे होतात.

मुलींचा दुसरा छळ वेगळ्या टोकाला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क 2005 साली देशभर मिळाला. महाराष्ट्रानं 1994 सालीच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता, तो दिला होता. वडील 2005 च्या आधी गेले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं पक्कं केलं. आणि महाराष्ट्रातल्या भावांनी त्याच सुमारास हक्कसोडपत्राचा मसुदा पाठ केला. राखीला ओवाळणी पाचशेची, हक्कसोडाला मुद्रांकही पाचशेचा, हिशेब चोख. बहिणीनं सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर ‘हिला आता माहेर नको झालंय’ ही बातमी तालुकाभर जाते. बापानं जिवंतपणी आपल्या हिश्श्यापुरतं तरी ‘मुलीला इतकं, मुलाला इतकं’ असं लिहून ठेवलं असतं तर तहसीलच्या झाडाखाली बहिणीला मान खाली घालून बसावं लागलं नसतं. हेही कबूल करू की याच मृत्युपत्राचा वापर मुलींना वगळण्यासाठी करणारे बापही गावोगाव आहेत. कागद निमूट असतो, लिहिणाऱ्याची नियत त्यावर उतरते.

गावाकडचा तर प्रकारच न्यारा. तिथं माणूस मरतो, पण सातबाऱ्यावर जिवंत राहतो. पणजोबांच्या नावाची जमीन, नातवंडं कसतात, वारसनोंद कुणी केलेली नाही, पीककर्ज मिळत नाही, विम्याचे पैसे अडकतात. शेवटी महाराष्ट्र सरकारला 2025 साली चक्क ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली, मयत खातेदार उतरवून वारसांची नावं चढवायला. पांडवांच्या स्वर्गारोहणालाही एवढा वेळ लागला नसेल. आणि बँकांचं म्हणाल तर दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च 2024 अखेर त्या निधीत 78,213 कोटी रुपये साचले होते. एवढी रक्कम केवळ ‘बघू पुढे’ या दोन शब्दांनी जमलेली नाही, पण त्यांचा वाटा मोठा असणार.

काही शहाणे याच्या उलट टोकाला जातात. मृत्युपत्र कशाला, आत्ताच देऊन टाकू, म्हणून बक्षीसपत्र करतात. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये अप्पासाहेब बेलवलकरांनी हेच केलं: निवृत्त झाले आणि असलेलं सगळं मुलांना वाटून मोकळे झाले. पुढे काय झालं ते बघून तीन पिढ्यांनी रुमाल भिजवले, आणि नाट्यगृहातून घरी येऊन तेच केलं. बक्षीसपत्र दिलं की गेलं. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं, शेवटचं तेवढं खरं. या एका गुणापायी कित्येक आजोबांना वेळेवर चहा मिळतो. आमच्या ओळखीचे एक तर दर गणपतीला सहकुटुंब जेवणानंतर ‘यंदा जरा मसुद्यात बदल करीन म्हणतो’ असं हवेत सोडून देतात. सुना श्रीखंड पुन्हा वाढतात.

करायला काय लागतं म्हणाल, तर फारसं काहीच नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन केलेली बरी. नंतर ‘ही सही बाबांची नव्हेच’ म्हणणाऱ्यांचा घसा लवकर बसतो. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा की माणूस शुद्धीवर होता. दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय आणि ज्यांना त्यातून दमडी मिळणार नाही. मुसलमान असाल तर साधारण एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र चालतं. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनची पद्धत अशी की अर्ध्यावर बायकोचा हक्क, आणि उरलेल्यातलाही अर्धा पोरांसाठी राखीव. गोव्याचा बाप रागावला तरी कायद्यानं मर्यादेतच रागावतो.

रतन टाटा गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात पाळीव कुत्र्याची सोय होती, स्वयंपाक्याची आठवण होती, हे वर्तमानपत्रांनी रकाने भरभरून छापलं. लोकांनी हळवं होऊन ते फॉरवर्ड केलं. ज्यांनी फॉरवर्ड केलं त्यांच्यापैकी किती जणांच्या कागदात बायकोची सोय आहे, याची बातमी व्हायची आहे.

आता राहिले साक्षीदार. इथं ज्येष्ठ नागरिक संघाचा घोळ ठरलेला. ब्याऐंशी वर्षांच्या अण्णांच्या मृत्युपत्रावर साक्ष कुणाची, तर सकाळी बागेत बरोबर फिरणाऱ्या चौऱ्याऐंशी आणि शहाऐंशीच्या मित्रांची. उद्या कोर्टात उभं राहून ‘होय, अण्णांनी माझ्यासमोर सही केली’ हे कोण सांगणार? तरुण साक्षीदार घ्या हो! सोसायटीतला पस्तिशीचा पोरगा घ्या, डॉक्टर घ्या. आणि कागद ठेवणार कुठं? परवा एकांनी अभिमानानं सांगितलं, ‘सगळं तयार आहे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय.’ लॉकर कुणाच्या नावावर? त्यांच्या एकट्याच्या. नॉमिनी? नाही. बायकोला माहीत आहे? ‘छे, तिला कशाला उगाच काळजी!’ म्हणजे लॉकर उघडायला बँक वारस असल्याचा कागद मागणार, आणि तो कागद लॉकरमध्ये.